बायकोची प्रत

चष्म्याच्या दांडीत बारीक स्क्रू बसवता बसवता दुकानदाराचा हात थांबला. रेडिओवर बायको बोलू लागली होती. काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक खाकरलं, पण त्याचं लक्षच नव्हतं.

पुस्तकांची ही स्पर्धा महिनाभर गाजत होती. प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुस्तकासाठी भांडायचं, बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची, दर आठवड्याला एक पुस्तक बाद. आज अंतिम फेरी होती. उरले होते दोघं: बायको आणि एक दातांचा डॉक्टर.

दुकानदाराचं दुखणं नेमकं हा डॉक्टरच होता. पंधरा वर्षं मोजूनमापून बोलणारी बाई "डॉक्टर काय मुद्दा काढतात!" म्हणत हसू लागली, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. स्पर्धेच्या सरावाला जाताना नवे कानातले कशाला? रेडिओवर कानातले कुणाला दिसतात? विचारायची छाती नव्हती. मग ती ज्या कादंबरीसाठी भांडत होती, तीच त्याने गुपचूप विकत आणली आणि फ्रेमच्या खोक्यांआड लपवून वाचून काढली.

तिच्यात डॉक्टर कुठे सापडला नाही. सापडली एक बाई, जी एका सकाळी दार ओढून घेते आणि घर सोडून निघून जाते. तो खरोखर घाबरला. शेवटच्या पानावर ती परत येऊन चहा टाकते, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

बायको रेडिओवर सांगत होती, ही कादंबरी मोठी, कारण तिची नायिका मागे फिरत नाही.

"पण बाई, ती परत येते," डॉक्टर म्हणाला. "शेवटच्या पानावर. वाचलंत ना?"



"माझ्या प्रतीत ते पान नाही," बायको म्हणाली.

डॉक्टर हसला, निवेदकही हसला, आणि थोड्या वेळाने बायकोचं पुस्तक हरलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि शटर ओढलं.

ती घरी आली तेव्हा तो आपली प्रत उघडून टेबलाशी बसला होता. ती प्रत त्याच्याकडे कुठून आली, हे तिने विचारलं नाही.

"तुझ्यात छापताना राहून गेलं असेल," तो म्हणाला. "माझ्यात आहे. हे बघ, येते ती."

तिने पर्समधून आपलं पुस्तक काढून त्याच्यापुढे उघडलं. शेवटी, शिवणीजवळ, पट्टी लावून फाडलेल्या पानाची सरळ कड होती. मग तिने त्याची प्रत हलकेच मिटली.

"राहू दे तुमच्याकडेच."

ती आत गेली. कपाटावरची मोठी बॅग खाली ओढल्याचा आवाज आला. दर वेळी ती काढली की धूळ उडायची आणि त्याला शिंका यायच्या. तो वाट पाहत बसला. शिंक आली नाही. बॅगेवरची धूळ आधीच पुसलेली होती.