सव्वाआठचा फोन

दीनानाथरावांनी सहाव्यांदा नंबर फिरवला आणि स्वयंपाकघराचं दार पायाने आणखी थोडं उघडलं. आत कुसुमताई पोळ्या लाटत होत्या आणि फळीवरचा रेडिओ मोठ्याने बोलत होता. आज तो मोठ्यानेच बोलायला हवा होता. म्हणून तर मघाशी कप विसळायच्या निमित्ताने आत जाऊन त्यांनीच हळूच आवाज वाढवून ठेवला होता.

घरात अबोला सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. तसा तो अगदी मुका नव्हता. "चहा ओट्यावर आहे," असं कुसुमताई खिडकीला सांगत, आणि "दूधवाल्याने आज खाडा केला," हे दीनानाथराव कॅलेंडरला कळवत. एकमेकांना मात्र एक शब्द नाही. आणि आज दहा वाजता वाघोलीहून कुसुमताईंच्या बहिणीकडची गाडी येणार होती. त्या महिनाभर तिकडे राहणार होत्या. हेसुद्धा त्यांनी खिडकीलाच सांगितलं होतं. महिनाभर रिकाम्या घरात कॅलेंडरशी बोलायचं, या विचाराने दीनानाथरावांना रात्री झोप लागली नव्हती.

सगळं रामायण रेडिओने केलं होतं. सकाळी आठच्या कार्यक्रमात रोज एक विषय असे, कधी रस्त्यातले खड्डे, कधी निवडणूक, कधी लग्नातल्या पंगती, आणि श्रोत्यांनी फोन करून आपलं मत मांडायचं. पुण्यात मतांना काय तोटा! निवृत्त झाल्यापासून दीनानाथरावांनी एक विषय सोडला नव्हता. घरात "हं" आणि "बरं" यांवर दिवस काढणारा हा माणूस तिथे तीन-तीन मिनिटं बोलायचा. निवेदिका विजयमाला त्यांना आवाजावरून ओळखायला लागली होती.

अकरा दिवसांपूर्वी विषय होता 'राहून गेलेली गोष्ट', आणि दीनानाथराव बोलून बसले की, आपल्याला पोहता येत नाही. पेठेतली सगळी पोरं नदीत उड्या मारायची तेव्हा हे काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचे. पुढे पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणांच्या फायली हलवल्या, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाही. विजयमाला खळखळून हसली. यांनाही फार मोकळं वाटलं.

फोन ठेवून वळले तर दारात कुसुमताई.

"अडतीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "मुरूडला मी पाण्यात, आणि तुम्ही वाळूत माझ्या चपला धरून उभे. विचारलं तर म्हणालात, सर्दी झालीय. आणि आज सांगितलंत कोणाला? अख्ख्या पुण्याला. मला आपलं पुण्याबरोबर कळलं."

"विषयच तसा होता," दीनानाथराव म्हणाले.

हे उत्तर त्यांना फार महागात पडलं. संध्याकाळी शेजारच्या मंदाकिनीबाईंनी जिन्यात "भावोजींचं पोहण्याचं ऐकलं हो," असं म्हटलं, आणि मग तर बोलणंच खुंटलं.

समोरासमोर माफी मागणं दीनानाथरावांच्या रक्तात नव्हतं. पण कुसुमताई अजून आठला रेडिओ लावत होत्या. त्यांचं भांडण नवऱ्याशी होतं, पुण्याशी नव्हतं. तेव्हा जिथून बिघडलं तिथूनच सुधारावं, असा हिशेब करून दीनानाथरावांनी मजकूर लिहून काढला होता : 'दिनांक चार रोजी घडलेल्या प्रकाराबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर असून...' खात्यात असते तर साहेबांनी डोळे झाकून सही केली असती.

फोन लागला.

"काका! होतात कुठे इतके दिवस?" विजयमाला म्हणाली, आणि तेच वाक्य स्वयंपाकघरातून पुन्हा आलं. पाठोपाठ कान किटवणारी शिट्टी वाजली. "काका, घरातला रेडिओ सुरू आहे का? तेवढा बंद करा हो, नाहीतर मला फोन कापावा लागेल."

एरवी ते आठवणीने स्वयंपाकघराचं दार लावून घेत. आज स्वतःच्या पायाने उघडलं होतं. रेडिओ चालू ठेवला तर फोन जातो, बंद केला तर माफी ऐकणारीच जाते. शिवाय फोनची वायर फळीपर्यंत पोहोचत नव्हती.

"काका, आहात ना?"

दीनानाथरावांनी घसा साफ केला. "कुसुम, रेडिओ बंद कर."

लाटणं थांबलं. रेडिओ बंद झाला. कुसुमताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"केला," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही काय बोलणार ते मला कसं कळायचं?"

दीनानाथरावांनी कागदाकडे पाहिलं. मग तो घडी करून खिशात घातला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लाज वाटायची गं. आपल्या लग्नात तुझे वडील सगळ्यांना सांगत होते, आमची कुसुम कृष्णेच्या पुरात उडी घेते. त्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग रोजच राहत गेलं. रेडिओवर सोपं जातं. तिथे माझ्याकडे कोणी बघत नसतं."

रिसीव्हर हातात तसाच होता. त्यातून विजयमालेचा आवाज आला, "काकू आहेत का तिथे? द्या ना जरा."

कुसुमताईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि रिसीव्हर घेतला.

"काकू, केलंत का माफ?"

"ते आमचं आम्ही बघू."

पलीकडे विजयमाला हसली. कुसुमताईंच्याही ओठांचा कोपरा हलला, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा दीनानाथरावांना भूक लागल्याची जाणीव झाली.

"बरं, मग एवढं तरी सांगा," विजयमाला म्हणाली. "तुमचं काय राहून गेलं, काकू? अख्खं पुणं ऐकतंय."

कुसुमताईंनी खिडकीकडे नजर वळवली. दीनानाथराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काहीतरी होतं. अडतीस वर्षांत आपण हे कधी विचारलंच नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"आहे एक," कुसुमताई फोनमध्ये म्हणाल्या. "पण ते मी आधी यांना सांगणार आहे. ठेवते हं."

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"वाघोलीला कळवा, आज गाडी पाठवू नका म्हणावं," त्या म्हणाल्या. "जरा लांबलचक आहे."