गोंदण

कल्लप्पांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात लेकीपुढं टेबलावर ठेवला.

“आईच्या हातावरचं गोंदण काढ. होतं तसंच.”

सिद्धेश्वरी बघतच राहिली. तिची आई सावित्रम्मा जाऊन वर्ष होत आलं होतं. तेवढ्या काळात अप्पा कधी मंद्रूप गावाच्या बाहेर पडले नव्हते. आज ते सोलापूरहून रात्रभर रेल्वेनं येऊन, वांद्र्यातली ही समुद्रकाठची गल्ली विचारत तिच्या टॅटूच्या दुकानात पोचले होते, ते यासाठी.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मोकळ्या केसांच्या एका बाईला पाठीमागून विचारलं होतं, “ताई, सिद्धेश्वरीचं दुकान कुटं हाय?” ताईनं वळून बघितलं तर छातीपर्यंत दाढी! दाढीवाला पोट धरून हसला आणि त्यांची पिशवी घेऊन इथवर आला. तो मल्हार, शेजारीच राहणारा. आता दाराशी बसून गिटारीच्या तारा पिळत होता. समोरच्या भिंतीवर कुणी जांभळा मासा रंगवला होता. त्या माशाखाली अनवाणी पोरंपोरी कॉफी पीत बसली होती, आणि कुणालाच कसली घाई नव्हती.

“अप्पा, एकदा काढलं की पुसत न्हाय.”

“म्हनूनच आलोय की.”

“गावात हसतील तुमाला.”

“हसू देत. त्यांच्या घरात बाया हायत अजून.”

तारांचा आवाज थांबला.

सिद्धेश्वरीनं पेन घेतलं. “सांगा.”

“मनगटाच्या वर तुळस. बाजूला विंचू.”

“विंचू मावशीच्या हातावर हाय. आईच्या फुलं होती.”

“फुलं?” कल्लप्पांनी जरा विचार केला. “बरं, फुलं काढ.”

तिनं काढली. त्यांनी हात खिडकीच्या उजेडाकडं फिरवला.

“अशी न्हाय.”

“मग कशी?”

त्यांनी बोटानं हवेतच एक आकार काढला आणि अर्ध्यात सोडला. तिनं पुसलं, परत काढलं, परत पुसलं. त्यांची कातडी लाल झाली. मग मोबाइलमधले फोटो झाले. लग्नातल्या फोटोत कोपरापर्यंत चुडा, बाकी बहुतेकांत पदर. एकात हात उघडा होता, पण मोठा करून बघितला तर नुसता हिरवा डाग.

“एवढी वर्सं त्या हातचं खाल्लं,” कल्लप्पा म्हणाले. “नुसता ताटाकडंच बघत होतो काय मी?”

“डोळे मिटा, अप्पा. हात आठवा तिचा.”

त्यांनी मिटले. समुद्राचा आवाज आत येत राहिला.

“दिसतो का?”

“दिसतोय. दवाखान्यातला. सुजलेला. मनगटावर सलाईनची पट्टी हाय.”

“पट्टीच्या खाली काय हाय?”

कल्लप्पांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट केले.

“काय दिसंना झालंय गं.”

मल्हारनं दारातून मान आत घातली. “सिड, तुझी पुढची कस्टमर आलीय.”

“थांबव तिला.”

रोज कुणाकुणाचे हात रंगवणाऱ्या सिद्धेश्वरीनं पेनाला टोपण लावलं आणि बापाचं मनगट दोन्ही हातांत धरलं.

“मला बी पट्टीच दिसती, अप्पा.”

कल्लप्पांनी डोळे उघडले नाहीत. हातही काढून घेतला नाही.