ऐकायचे पैसे

मथुराबाईनं बोलणं बंद केलंय, हे नागोरावांच्या लक्षात यायलाच बरेच दिवस लागले. घरात बोलायचं काम मुळात त्यांचंच, तेव्हा फरक कळणार कसा? पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनात ते बंड्यांचे, म्हणजे बैलगाड्यांचे, मुकादम होते. कापसासाठी भाड्यानं लावलेली बंडी रिकामी धावू द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आल्यापासून वस्तीतली एक सभा त्यांनी सोडली नव्हती. मुलींच्या शिक्षणावर तर असे बोलत, की ऐकणाऱ्याच्या आधी त्यांचाच गळा भरून यायचा. त्याच गळ्यानं त्यांनी घरात सांगून टाकलं, की लेक जया सातवी झाली तेवढं पुष्कळ झालं, पुढचा खर्च झेपायचा नाही.

मथुराबाईनं जयाच्या शाळेचा विषय काढून पाहिला. पुन्हा काढला. दर वेळी नागोरावांनी तो तिच्या तोंडातून उचलला आणि जिनाच्या मॅनेजरवर नेऊन टाकला. शेवटी तिनं तोंड मिटलं. तिला झालं काहीच नव्हतं. कुणी ऐकतच नाही तर जीभ कशाला झिजवा, एवढंच.

सासूनं निदान केलं, बाहेरचं लागलंय, भगताकडं न्या. नागोराव उखडले. दीक्षा घेतलेला माणूस भगतापुढं लिंबू कापणार? नाक राहील का वस्तीत? यवतमाळला दर रविवारी नागपूरचे मनाचे डॉक्टर येत. हे विज्ञान आहे, असं त्यांनी आईला सांगितलं, आणि मग आईचं निमित्त करून सगळ्या वस्तीला.

कापडाच्या दुकानावरची माडी, त्यात डॉक्टरांची खोली. बायको परक्या पुरुषासमोर एकटी बसणार नाही, म्हणून नागोरावही आत. फीचा आकडा ऐकून मथुराबाईनं मनात हिशेब केला. तेवढ्यात जयाची वर्षभराची पुस्तकं आली असती. आणि औषध म्हणाल तर गोळी नाही, सुई नाही. पेशंटनं बोलायचं, डॉक्टरांनी ऐकायचं.

"फी वेळेची असते," डॉक्टर म्हणाले. "बोललात तरी, नाही बोललात तरी. हं, बाई, मनात येईल ते बोला."

मथुराबाई खुर्चीत पुढं सरकली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला बोला म्हणत होतं. कुठून सुरुवात करावी? जयानं दप्तर धुऊन खुंटीला टांगून ठेवलं, तिथून? ती शब्द जुळवत होती, आणि नागोराव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. काटा पुढं सरकत होता. भाडं दिलेली बंडी डोळ्यांदेखत रिकामी चालली होती! त्यांना राहवलं नाही.

"मी सांगतो साहेब," म्हणून ते जे सुटले ते वेळ संपल्यावरच थांबले.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मॅनेजर झाला, बैल हडपणारा भाऊ झाला, लहानपणी न मिळालेली टोपी झाली. टोपीपाशी नागोराव ढसाढसा रडले. डॉक्टरही काही दूधखुळे नव्हते. पैसे कोणत्या खिशातून येतात ते पाहून त्यांनी कान त्या बाजूला वळवला होता. मथुराबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसायची. तिचा नुसता संताप व्हायचा, आणि तोही तिला गिळावा लागायचा.

उपचारानं गुण आला, यात शंका नाही. नागोरावांना गाढ झोप लागू लागली. दोन भाकरी जास्त जाऊ लागल्या. चेहरा असा तुकतुकीत झाला, की बायकोची तब्येत कशी आहे असं विचारणारे त्यांच्याकडं बघूनच बरी असेल म्हणायचे.

एका शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची फी मोजून खिशात ठेवताना ते आईला म्हणाले, "पैसे जाते, पन मानूस ऐकून घेते माय. नाही तं आजकाल ऐकनारं हाय कोन?"

मथुराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं हात झटकले, उठली, आणि त्यांच्यासमोर येऊन पिठाचा तळवा पुढं केला.

"द्या."

सासूच्या हातातली सुपारी खाली पडली. जया दारात खिळून उभी राहिली. मथुराबाईचा आवाज इतक्या दिवसांनी निघाला होता, तरी कुठं अडला नाही.

"जया पोटात नव्हती तवापासून ऐकून राह्यली मी. मांगची फी सोडली तुमाले. आता यवतमाळले कायले जाता? इथंच बोला. फी तेवढीच घेईन. जयाच्या पुस्तकाइले पायजे."

नागोरावांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्या तळव्याकडं पाहिलं, आणि सभा गाजवणारं ते तोंड मुकाट्यानं मिटलं. मथुराबाईनं हात मागं घेतला नाही.

"न बोलले तरी पडते," ती म्हणाली. "डॉक्टरच सांगे ना, फी वेळेची असते."