बोगद्यातली जेवायची जागा

"चल घरी," आमचे यजमान म्हणाले. "बाई बोगद्यात शिरली की सोन्याची शीर पळून जाते."

"पळायला शीर उरलीय कुठे?" मी म्हटलं.

सोन्याची जुनी खाण पाहायला येणाऱ्यांची दाराशी तिकिटं फाडणारी सिओक-हुन तोंडावर हात धरून हसली. "आजोबा, येऊ द्या ना आजीला. उद्यापासून बोगदा बंदच होणार. छत ठिबकतंय."

म्हणून तर मी आले होते. सासूबाई सांगत, पूर्वी या डोंगरावर, आमच्या जिउफेनमध्ये, नऊच घरं होती. मी सून म्हणून आले तेव्हा इथल्या पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. सोनारांच्या पेढ्या, सिनेमागृह, पहाटेपर्यंत उघड्या खानावळी. लोक गावाला छोटं हाँगकाँग म्हणत. मग सोनं आटलं, दारांना कुलपं लागली. आता चहाची दुकानं झालीत, परगावची पोरं कंदिलांखाली फोटो काढतात. मला आवडते ही गर्दी. गल्लीत पुन्हा तळणाचा वास येतो. एवढं सगळं पाहिलं, पण नवरा रोज जिथं उतरायचा ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बायका डबा घेऊन बोगद्याच्या तोंडापर्यंत यायचो आणि तिथूनच माघारी.

"निदान भूमिदेवाला तरी विचारा," मी म्हटलं.

बोगद्याच्या तोंडाशी त्याचं गुडघाभर उंचीचं देऊळ आहे. यांनी कौल उचलले. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे; एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार. दोन्ही सपाट पडले तर देव हसतोय असं समजायचं आणि पुन्हा विचारायचं.

देव हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच.

"तुम्ही विचारताय तरी काय?"

"बायको ऐकत नाही, काय करू, असं."

"मग हसेल नाहीतर काय करेल?"

हे थोडा वेळ कौल हातात चोळत उभे राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, "ही माझी बायको. तुझ्यापुढे रोज पहिला घास ठेवायचो ना, तो हिच्या हातचा असायचा."

कौल पडले. एक सपाट, एक फुगीर.

आत गार होतं. यांना दम लागत होता. दगडाची धूळ छातीत बसली ती बसलीच. पुढे बोगदा जरा रुंद झाला. भिंतीला बसण्याजोगा कट्टा होता आणि पाठी टेकून टेकून वरचा दगड जागोजागी झिजून गुळगुळीत, खोलगट झाला होता.

"इथं जेवायचो. ही माझी जागा."

मी बसले. खोलगट जागेत दोन्ही बाजूंनी बरीच मोकळीक राहिली. तेव्हा खांदे चांगले रुंद होते यांचे.

"डब्यात मोहरीचा आंबवलेला पाला फार घालायचीस," हे म्हणाले.

"मग तेव्हाच सांगायचं."

"सांगून दुसऱ्या दिवशी नुसता भात खायचा होता काय?"

मी हसले. "बसा की तुम्हीपण."

शेजारची जागा ओंगची होती. यांचा जोडीदार. छत कोसळलं त्या दिवशी तो आतच राहिला. यांनी टोपी काढली, ओंगच्या जागेवरची धूळ त्या टोपीनंच पुसली, तोंडातल्या तोंडात त्याची परवानगी मागितली आणि मग माझ्या शेजारी टेकले.