एकाच वायरीची दोन टोकं

साधी वायर हो! तिची दोन्ही टोकं एकाच डब्यात खोचलेली, एवढ्यावर लोणावळ्याचं ते अख्खं रिसॉर्ट आडवं झालं होतं. तेही शनिवारी, भर गर्दीत. वाय-फाय बंद, कार्डाचं मशीन बंद, काउंटरवर पाहुण्यांची बोंबाबोंब. तिथलं नेटवर्क मीच जोडलेलं, म्हणून मला तळेगावहून बोलावलं.

नेटवर्कमध्ये जादूबिदू काही नसते. बाहेरची लाइन राउटरमध्ये येते, तिथून स्विच नावाच्या डब्यात, आणि डब्यातून खोल्याखोल्यांत वायरी. एखाद्या मशीनला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नसला की ते हाक मारतं, "अमका कुठंय?" स्विच ती हाक सगळ्या वायरींवर सोडतो. आता एका वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात असली, तर हाक एका टोकानं बाहेर पडते, दुसऱ्यानं परत आत येते आणि पुन्हा सगळ्यांना जाते. थांबतच नाही. त्या गलक्यात कामाचं काहीच कुणापर्यंत पोचत नाही.

मी एक टोक उपसलं. सगळं सुरू झालं.

"कुणी खोचलं हे?" मी मॅनेजर आदिनाथला विचारलं.

"मालकीणबाई येणार म्हणून सकाळी मीच हे डब्याचं कपाट आवरलं. वायर लोंबत होती, घाण दिसत..." एवढं बोलून गडी सावध झाला. मग त्यानं झाडलोट करणाऱ्या मावशीला, बायाला, हाक मारली. कुरवंड्याच्या वरच्या वाडीतली बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल पेटायची ती या नोकरीवर.

"बाया, मॅडमना सांगायचं, पुसताना वायर तूच खोचलीस. मी सांभाळून घेतो, नोकरी जाणार नाही. नाही म्हणालीस तर उद्यापासून येऊ नकोस."

माझ्यादेखत! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी तडक मालकीणबाई, यशोधरा मॅडमपुढं उभी राहिले. "मॅडम, वायर तुमच्या मॅनेजरनं खोचली. आत्ता स्वतः म्हणाला."

"बायालाच विचारा ना," बायाला घेऊन मागोमाग आलेला आदिनाथ साळसूदपणे म्हणाला.

बायानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच तिच्या अन्नात माती कालवतेय. "म्याच खोचली, मॅडम. ह्या ताई उगाच सायबांवर आळ घेत्यात."

"ऐकलंत?" मॅडम मला म्हणाल्या. आणि आदिनाथला, "हिला आजच काढून टाका."

"हो मॅडम," तो म्हणाला. बस्स. मेल्याची जीभसुद्धा अडखळली नाही.

मी बाहेर आले तर बाया फाटकाबाहेर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"मावशी, चला, घरी सोडते."

"न्हाई. मॅडमची गाडी गेली की सायेब बोलवत्याल."

"अहो, नाही बोलावणार तो!"

"तुमी गप ऱ्हावा, ताई. तुमी मदी पडला म्हून मॅडम चिडल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तेवढ्यात मॅडमची गाडी निघून गेली. बाया लगबगीनं उठली, पदर सारखा केला आणि फाटकाशी गेली. वॉचमन भिमाजीनं आतून कडी घातली.

"तुला आत सोडायचं न्हाई, बाया. सायबांनीच सांगितलंय."

"आरं, इसरलं आसतील ते," बाया गजांना धरून म्हणाली. "जा की, सांग त्यांना. म्हनावं, बाया तुमी शिकवलं तसंच बोलली."