तांब्याची तार आणि नारिंगी पाणबुड्या

मी एक जुना प्लॅस्टिकचा पाणबुड्या आहे. वीतभर उंच, नारिंगी पोशाखाचा. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याआधी एक ठरवून टाका: माझी कीव करायची नाही. माझा एक गाल आत गेलेला आहे, एक पाय तांब्याच्या तारेवर लटकतो आणि माझा रंग अर्धा उडालाय. तरी मी उभा आहे.

हाँगकाँगच्या एका कारखान्यात, गरम प्लॅस्टिक साच्यात दाबून माझे भाग वेगवेगळे काढले गेले. छाती आणि पाठ जोडून पोकळ अंग झालं. हातापायांच्या टोकांना आकडे होते. ते माझ्या पोटातल्या रबराच्या कड्यांत अडकवले. त्या रबराच्या ताणामुळेच मी बसू शकत होतो, हात वर करू शकत होतो. आमचा बाराजणांचा संच होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या जयवंतने १९८३ साली तो आपल्या धाकट्या भावासाठी अंधेरीला आणला.

हा भाऊ म्हणजे चंद्रप्रकाश. तिशीचा, लग्न झालेला, एका कचेरीत कारकून. आम्हाला बघून तो लहान मुलासारखा हरखला. त्याने आमच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं आणि ते खिडकीसमोर ठेवलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही लख्ख दिसावं. रविवारी पाहुणे यायचे, वाकून बघायचे, "झकास आहेत रे" म्हणायचे. मला उजवा हात वर केलेला आणि डावा पाय पुढे टाकलेला असा उभा केला होता. दोन वर्षं मी तसाच होतो. माझ्या पोटातलं रबर दोन वर्षं ताणलेलं होतं.

खिडकी पश्चिमेची होती. दुपारनंतर काचेमागे भट्टी पेटल्यासारखं व्हायचं.

"अहो, यांचा रंग उडतोय. पडदा तरी लावू या ना," त्याची बायको वसुधा म्हणाली.

"पडदा लावला तर दिसणार कसे?" चंद्रप्रकाश म्हणाला.

झुरळं नकोत म्हणून त्याने कपाटात डांबराच्या गोळ्याही टाकल्या. त्यातली एक माझ्या गालाला टेकून होती. डांबराच्या गोळ्यांनी आमच्यासारखं प्लॅस्टिक मऊ पडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं आमच्यावर प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. पण आम्ही कशाचे बनलोय, हे त्याने कधी विचारलं नाही.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या पोटातलं रबर तुटलं. मी कोसळलो. डाव्या पायाचा आकडा मोडला आणि पाय खालच्या फळीवर जाऊन पडला. संध्याकाळी चंद्रप्रकाशने मला उचललं, तेव्हा गालाला गोळी चिकटून आली आणि तिथे खड्डा पडला.

"सेटची वाट लागली," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. पण मला धरलेला हात कचऱ्याच्या डब्याकडे चालला होता.

दारात पुतळाबाई मासे साफ करत बसल्या होत्या. त्या खाडीपलीकडच्या मढ गावच्या कोळीण. मढहून होडीने वेसावे, तिथून टोपली घेऊन अंधेरीतल्या इमारतींमधून फिरायच्या.

"काय टाकतोस दादा?"

"तुटलंय मावशी. कचरा आहे."

"मंग मला दे. नातीला नेते."

त्याने मला आणि माझ्या पायाला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मी बोंबलाच्या वासात होडीतून मढला गेलो. मला त्याची लाज वाटत नाही.

पुतळाबाईंचे मालक रामनाथ अंगणात बसून जाळी विणायचे. बोटीच्या इंजिनाच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून त्यांना बोटीवर कुणी घेत नव्हतं. गावातले लोक त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलायचे, आणि त्याचाच त्यांना राग यायचा. आठ वर्षांची नात सगुणा मात्र त्यांच्याशी ओरडूनच बोलायची.

"आजोबा, याचा पाय लागंल?"

"लागंल का म्हंजे? लावायचा," रामनाथ म्हणाले.

त्यांनी मला कोमट साबणाच्या पाण्याने धुतलं आणि सावलीत वाळवलं. मग स्टोव्हवर सुई तापवून पायाच्या टोकाला भोक पाडलं आणि तांब्याच्या तारेचा आकडा बसवला. सायकलच्या जुन्या ट्यूबचं कडं कापलं. त्याला जाळ्याचा दोरा बांधला, दोरा कमरेच्या एका भोकातून घालून दुसऱ्या भोकातून बाहेर ओढला, मागोमाग कडं माझ्या पोटात आलं, आणि पायांचे आकडे त्यात अडकवले.

पहिल्यांदा ते चुकले. कडं लहान कापलं गेलं, ताण जास्त झाला आणि माझ्या कमरेला बारीक तडा गेला. रामनाथांनी ते कडं काढून टाकलं. मग सगुणाला म्हणाले, "जाळ्याचं पण असंच असतंय. गाठ लय आवळली की बाजूचं फाटतंय." त्यांनी मोठं कडं कापून सगळं पुन्हा केलं. मी उभा राहिलो. सगुणाने माझा हात वर केला आणि खेळून झाल्यावर आपणहून खाली केला. तसं रामनाथांनीच तिला शिकवलं होतं.

पुतळाबाईंच्या पोटात ही गोष्ट राहणं शक्य नव्हतं. अंधेरीच्या प्रत्येक दारात त्यांनी ती सांगितली. चंद्रप्रकाशच्या दारात जरा मोठ्याने.

सत्त्याऐंशी साली एका रविवारी तो मढला आला. हातात बुटाचा खोका होता. त्यात माझे चार सोबती होते, कुणाचा हात सुटलेला, कुणाची मान. सगळे त्याच खिडकीचे बळी.

"काका, हे दुरुस्त होतील?" त्याने रामनाथांना विचारलं. मग त्याची नजर सगुणाच्या हातातल्या माझ्यावर पडली. "आणि तोही द्या. तो माझ्या सेटमधला आहे. त्याच्याशिवाय बारा होत नाहीत."

सगुणाने मला पाठीमागे लपवलं. मित्रांनो, मला पाय होते, पण पळता येत नव्हतं. तोंड होतं, पण 'नाही' म्हणता येत नव्हतं. ते पुतळाबाईंनी म्हटलं.

"टाकलास तवा कचरा होता ना? आता तुझा कसा झाला?"

चंद्रप्रकाशने खोका खाली ठेवला. म्हणाला, "निदान बघू तरी द्या."

सगुणाने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, तेव्हा तिने मला त्याच्या हातात दिलं. त्याने माझा पाय फिरवून पाहिला, तार पाहिली. "काम चांगलं झालंय. पण हे दिसतं हो. माझ्या चौघांचं दिसता कामा नये."

रामनाथांनी तीन बोटांचा हात त्याच्यासमोर धरला. "हे पण दिसतंय. झाकून बसू काय?"

चंद्रप्रकाशने मला सगुणाला परत दिलं आणि अंगणात मांडी घातली. "मला शिकवाल का?"

त्या दिवशी शेवटच्या होडीपर्यंत तो तिथेच बसला होता. दोनदा बोट भाजून घेतलं, एकदा कडं चुकवलं. रामनाथांनी शिव्या घातल्या, अगदी मोठ्या आवाजात. चारही सोबती उभे राहिले. त्यांच्याही अंगात आता काळी ट्यूब आहे.

घरी जाऊन त्याने कपाट आतल्या भिंतीला हलवलं, डांबराच्या गोळ्या काढल्या आणि सगळ्यांचे हात खाली केले. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. आल्या आल्या त्याने खिशातून करंगळीएवढी पिवळी नळकांडी काढली. माझी हवेची टाकी होती ती. मी कपाटातून गेल्यापासून त्याच्याकडेच राहिली होती.

"याचीच आहे," तो सगुणाला म्हणाला. "पाठीवर भोक आहे बघ, तिथे बसते."

तिने ती बसवली. टक् असा आवाज झाला. त्यानंतर त्याने मला कधी मागितलं नाही. अंधेरीच्या कपाटात आजही अकराच आहेत.

तर मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी आत्ता उन्हात उभं असेल, तर आधी त्याला सावलीत आणा. ताणून ठेवलेले हात खाली करा. मोडलंच, तर तुकडे गोळा करा, अगदी बारीकसुद्धा, आणि ज्याला जमतं त्याच्या शेजारी जाऊन बसा. सांधा दिसेल. दिसू द्या. माझा गाल, माझी तार, माझ्या कमरेचा तडा, सगळं समोर आहे. बघायचं असेल, तर समोर उभं राहून बघा. मी तोंड फिरवणार नाही.