कापसाच्या काट्यावर मोटर

धरणाच्या काठावर एक पत्र्याची नाव होती, दोन मोटरी, एक बॅटरी, कापूस तोलायचा एक ताणकाटा, बाभळीचा खुंट आणि तांड्यातली नऊ माणसं. मोटरी दारव्ह्याच्या जमीर मिस्त्रीनं आणल्या होत्या. नावेच्या मागं अडकवायच्या, पंखा पाण्यात सोडायचा, की बॅटरीवर चालायच्या. दोन्ही जुन्या, एक लहान, एक मोठी. हरिसिंगला त्यातली एक निवडायची होती.

हरिसिंगचे हात थरथरत. कापसावर फवारणी करता करता विष अंगात भिनलं. यवतमाळच्या दवाखान्यातून जीव परत आला, बोटांतली ताकद तिथंच राहिली. वल्हं धरवत नसे. तेव्हापासून चुलतभाऊ पूनमसिंग त्याची नाव वल्हवायचा आणि अर्धी मासळी उचलायचा. आता मच्छी सोसायटीच्या पुंडलिकरावांनी निकाल दिला होता: आज हरिसिंग एकटा जाऊन, जाळं उचलून परत आला तर मासेमारीला कोपऱ्यातलं खोल पाणी त्याचं. नाही आला तर पूनमसिंगचं. मोटरीच्या पैशासाठी त्याच्या बायकोनं, रामीबाईनं, केसांतली चांदीची घुगरी मोडली होती.

नाव दोरानं खुंटाला बांधली, दोराच्या मधात काटा अडकवला. जमीरनं लहान मोटर पूर्ण जोरात सोडली. दोर ताठला.

"तेरा किलो," पुंडलिकरावांनी वाचलं.

मग मोठी लावली. खुंट करकरला.

"चोवीस."

"तेरा?" पूनमसिंग हसला. "तेरा किलो कापूस तं वहिनी दुपारच्या पहिले येचते. दादा, मोटर घेऊन राह्यला का वहिनीले जोडीदारीण पाहून राह्यला?"

काठ हसला.

जमीर म्हणाला, "हरिभाऊ, मोठी मोटर बॅटरी लय खाते. हिले दोन पाह्यजेत, तुमच्याजवळ एकच हाय. लहान हळू जाईल, पण वापस आणंल."

"मिस्त्री, हलकी चीज कायले गळ्यात मारता?" पूनमसिंग म्हणाला. "हात तं गेलेच याचे. आता मोटरबी लुळीच द्याची का?"

"तेराचीच घ्या," रामीबाई हळूच बोलली. "आपल्याले का शर्यत लावाची हाय?"

हरिसिंग काट्याकडे पाहत राहिला. दर हंगामात मालकाच्या अंगणात हाच काटा टांगलेला असायचा. ज्याचं गाठोडं सुई खाली ओढी, त्याला पुढच्या दिवशीचं बोलावणं. ज्याचं हलकं, त्याला सगळ्यांदेखत टोमणा. काट्यावर जास्त ते चांगलं, हे तांड्यात कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

"चोवीसची बांध," तो म्हणाला.

जाताना वारं पाठीशी होतं. नाव पाणी कापत निघाली आणि हरिसिंगनं मोटर पूर्ण जोरावरच ठेवली, काठावरून सगळे पाहत होते म्हणून. जाळ्याचा दोर मनगटाला गुंडाळून, दातांत धरून त्यानं जाळं वर घेतलं. रोहू, कतला, नावेचा तळ चांदीसारखा झाला. मनगट सोलून निघालं होतं, तरी तो हसला.

परतताना वारं तोंडावर आलं. निम्म्या पाण्यात पंखा दमलेल्या बैलासारखा अडखळला आणि थांबला. हरिसिंगनं वल्हं उचललं. बोटं आपोआप उघडली. वल्हं पाण्यात पडलं आणि दूर गेलं. नाव मागं सरकू लागली.

पूनमसिंग आपल्या नावेत आधीपासूनच बसून होता. तो सावकाश आला. त्याच्या हातात दोर होता आणि दोराला काटा.

"बांध, दादा."

"काटा काहून?"

"मी केवढं ओझं ओढून राह्यलो, ते लोकायले कळू दे ना. तू वाच. मोठ्यानं वाच."

हरिसिंगनं दातांनी गाठ आवळली. पूनमसिंग वल्हवू लागला. दोर ताठला. काठ जवळ आला. पुंडलिकराव दिसले, लहान मोटर परत न्यायला बांधत असलेला जमीर दिसला, उघड्या केसांची रामीबाई दिसली.

"वाच. का डोयेबी दवाखान्यातच ठेवून आला?"

वारं तोंडावर होतं, लाटा होत्या, ओलं जाळं आणि सगळी मासळी नावेत होती. हरिसिंगनं तोंड काट्याजवळ नेलं. सुई तेराच्या निम्म्यापर्यंतही पोचली नव्हती.

"सहा," त्यानं वाचलं.